साहेबांचा डोंगर आणि आत्याबाईंची खुर्ची

इंजिनियर साहेब कारखान्यात रुजू झाले त्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी माझा दोर हुंगला. कोणाला काही विचारलं नाही. वेटोळं उचललं आणि बाजारात खरबूज घेणारा माणूस धरतो तसं नाकाशी धरलं.

मी खलाशांचा मुकादम. खलाशी म्हणजे बोटीवरचे नव्हेत. कारखान्यातल्या जडशीळ टाक्या, बॉयलर आणि यंत्रं, नुसत्या कप्पी, बांबू, दोर आणि दंडाच्या जोरावर जागेवर उभी करणारी जी टोळी असते, तिला खलाशी म्हणतात. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने नुकते उगवायला लागले होते. कासारवाडीच्या खोलीतून निघालं की कामावर पोचेपर्यंत धोतर कुसळांनी भरायचं. माझं गाव निघोजे, चाकणच्या अलीकडं. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी दया येऊन पुढं ढकललेली. पण दोराच्या बाबतीत कोणी मला शिकवलेलं मला चालत नसे, आणि इथं तर नुकतं मिसरूड फुटलेला साहेब माझा दोर हुंगत होता.

"काय, कुजलाय व्हय?" मी विचारलं.

"नाही हो, चांगला आहे. कुजलेला दोर डोळ्याच्या आधी नाकाला कळतो."

हे खरं होतं. पण खरं आहे म्हणून लगेच मान डोलावणाऱ्यांतला मी नव्हे. मी म्हटलं, "दोर हुंगून टाकी चढत न्हाई, साहेब."

ते हसले आणि त्यांनी बांबूला एक गाठ मारून दाखवली. डोंगर चढणारे लोक ती मारतात म्हणे. मी म्हटलं, आमच्या कामाला ही चालायची न्हाई, ही बघा माझी. मग दोन्ही गाठींना वाळूची पोती टांगली. टोळी जेवण सोडून भोवती जमली. पोतं वाढवत गेलो, वाढवत गेलो, आणि दोन्ही गाठी टिकल्या. आम्हा दोघांनाही त्याचा राग आला. त्या दिवसापासून आमची दोस्ती, आणि कोणाची गाठ सरस हा वादही त्याच दिवसापासून.

साहेब कोकणातले. वडील लवकर गेलेले, आई गावी. कारखान्याच्या वसाहतीत त्यांना दोन खोल्या होत्या. एक माणसाची, दुसरी दोरांची. दुसऱ्या खोलीत खुंट्यांवर दोरांची वेटोळी, कोपऱ्यात कंदील, कॅनव्हासचे बूट, तळ जळलेलं पातेलं. रविवारी सकाळी खाकी अर्धी विजार चढवून लोणावळ्याकडची गाडी धरायची आणि डोंगर बरा दिसेल तिथं उतरायचं. सोमवारी कामावर यायचे ते हातावर ओरखडे, नाक सोललेलं आणि तोंडभर हसू.

आमच्याकडं डोंगरावर जायचं ते शेरडू चुकलं म्हणून, नाहीतर देवाला. बिनकामाचं कोण चढतं? हे मी साहेबांना तोंडावर विचारलं तर म्हणाले, "या एकदा, मग सांगतो." गेलो. मला दमवणार असतील तर बघूच, म्हणून गेलो. वर पोचल्यावर मी फडकं सोडलं. भाकरी, ठेचा आणि घरच्या शेतातला कांदा. साहेबांनी कांदा कातळावर ठेवून बुक्कीनं फोडला आणि आडवे झाले.

"मुकादम, आठवडाभर आपण खाली लोखंड उभं करत असतो," ते म्हणाले. "इथं सगळं आधीच उभं आहे. आपण नुसतं पडायचं."

 दुसऱ्या रविवारी मी पुन्हा गेलो. घरात सांगितलं, साहेबांना सोबत लागते. घरची म्हणाली, "सोबत त्यांना लागती का तुमाला?" बायकांना अशा वेळी उत्तर द्यायचं नसतं.

तर असा माणूस. आणि एक दिवस टाकीभोवती बांधलेल्या बांबूच्या परांचीवर, खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतील इतक्या उंचीवर, साहेब मला म्हणाले, "मुकादम, मला लग्न करायचंय. त्याच मुलीशी."

"कोणत्या मुलीशी?"

पुण्यात एका मित्राच्या घरी ते जेवायला गेले होते. गच्चीवर चार माणसं उभी होती. लांब डोंगरांची रांग दिसत होती आणि सगळे नुसते 'ते डोंगर, ते डोंगर' म्हणत होते. मित्राच्या बहिणीची एक मैत्रीण मात्र बोट दाखवून एकेकाचं नाव सांगत होती.

"मुकादम, तिनं तोरणा ओळखला! धुक्यातून!"

"बरं. रंग कसा हाय?"

"कशाचा? तोरण्याचा?"

मी कपाळावर हात मारला, तोही एकच, कारण दुसऱ्यानं खांब धरला होता.

मित्रानं पुढं होऊन बोलणं घातलं. मुलीला आई नव्हती. वडील पोस्टात, सज्जन, अबोल, खोकून होकार देणारे. घरात शब्द चालायचा आत्याबाईंचा. त्यांनीच मुलीला लहानाची मोठी केलेली. त्यांची चौकशीची पद्धत पक्की होती. वरच्या लोकांना विचारायचं नाही, ते चांगलंच सांगतात. हाताखालच्या माणसाला गाठायचं. म्हणून एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्या फाटकाशी टांगा थांबला. टांगा एका बाजूला कलला होता. त्या बाजूनं नऊवारी लुगड्यातल्या आत्याबाई उतरल्या तेव्हा तो सरळ झाला. मागून खोकत वडील.

"तुम्ही त्यांच्या हाताखालचे मुकादम ना?" आत्याबाई म्हणाल्या. "खरं ते सांगायचं. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

खरं ते सांगायचं म्हटल्यावर माझी छाती फुगली. मी सांगायला सुरुवात केली.

"माणूस लाखात एक बघा, बाईसाहेब. टाकीवर असा चढतो, शिडी लागत न्हाई. माकड खाली उभं राहून बघत बसंल."

आत्याबाईंनी वडिलांकडं बघितलं. वडील खोकले.

"स्वभाव?"

"काळजीचं नावच न्हाई. मागं कड्यावर पाय घसरला, दोरावर लोंबकळत व्हते, आन् लोंबकळत गाणं म्हणत व्हते. मी सोता ऐकलंय."

"व्यसन वगैरे?"

"एकच. डोंगर. रविवारी मानूस घरात सापडायचा न्हाई."

"ते सुटेल की लग्नानंतर," आत्याबाई म्हणाल्या. आवाज जरा बारीक झाला होता.

मला ते सहन झालं नाही. एवढा चांगला माणूस आणि त्याला कच्चा समजतात? मी म्हटलं, "छ्या! बायकू आली म्हणून दोर सोडनारा गडी न्हाई तो!"

टांगा आला तसा कलून परत गेला. मी टोळीत येऊन सांगितलं, साहेबांचं काम फत्ते.

चार दिवसांनी मित्र निरोप घेऊन आला. ज्याचा जीव दोरावर टांगलेला आहे त्याच्या घरात आमची मुलगी टांगणार नाही, असं आत्याबाईंनी कळवलं होतं.

टोळीनं मला सोलून काढला. एकजण म्हणाला, "मुकादम, आजवर इतक्या टाक्या चढवल्या, आन् एक लगीन पाडलं राव!" दुसरा म्हणाला, "माझ्या पोरीची चौकशी आली तर मुकादमाला त्या दिवशी गावी धाडा." मी म्हटलं, मी खरं बोललो. एक अक्षर खोटं असेल तर दाखवा. घरी आलो तर घरची चुलीपुढून म्हणाली, "आवं, खरं बोलला, पन नवऱ्या मुलाचं कौतुक कुनी असं करतं व्हय? माकड म्हनं, लोंबकळत म्हनं! माझ्या बापाला कुनी असं सांगितलं असतं तर मी आज हितं असते का?"

साहेब मात्र चिडले नाहीत. "तुम्ही खोटं तर सांगितलं नाहीत," एवढंच म्हणाले. पण रविवारी सकाळी मी भाकरी घेऊन वसाहतीत गेलो तर साहेब घरात! लांब विजार घालून खुर्चीत बसलेले. दोरांच्या खोलीतल्या खुंट्या रिकाम्या, आणि सगळी वेटोळी दाराशी गोणपाटात बांधून ठेवलेली.

"हे घेऊन जा, मुकादम. टोळीला उपयोगी पडतील. मी त्यांना कळवणार आहे, डोंगर सोडला म्हणून."

"आन् सुटंल का?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. त्या खिडकीतून डोंगर दिसत नव्हता, तरी बघितलं.

मला राग आला. साहेबांचा नव्हे, कोणाचा ते मला आजही सांगता यायचं नाही. मी गोणपाट सोडलं, एकेक वेटोळं परत खुंटीला लावलं आणि म्हटलं, "मला पुन्याचा पत्ता द्या."

दुसऱ्या दिवशी हजेरी बुडवून, धुतलेलं धोतर आणि घडीचा फेटा घालून मी आत्याबाईंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी ओळखलं.

"का हो मुकादम? माफी मागायला पाठवलं का त्यांनी?"

"माफी कशाची? मी खरं बोललो. त्यास्नी ठावं पन न्हाई मी काय बोलाया आलोय."

"मग?"

"न्यायला आलोय. तुमी मानसाची चौकशी केली, नोकरीची केली. पन ज्या डोंगराला तुमी नावं ठेवता, त्याची चौकशी कुटं केली? रविवारी या. वर येऊन बगा मानूस काय करतो त्ये. मग न्हाई म्हना, मी फेटा काढून जाईन."

"मी? डोंगरावर?" आत्याबाईंनी गुडघ्यांवर हात ठेवले. "अहो, मला माडी चढवत नाही."

"गुडघ्याचं काम न्हाई. चढवायचं काम माजं."

"माझं वजन ठाऊक आहे का तुम्हाला?"

"बाईसाहेब, मी मागच्या म्हैन्यात बॉयलर चढवलाय."

माजघराच्या दारामागून कोणीतरी फसकन् हसलं. वडील जोरात खोकले. आत्याबाईंचा चेहरा लाल झाला, मला वाटलं आता काठी घेतात. पण त्यांनी दाराकडं बघितलं. हसणं दाबलेलं अजून ऐकू येत होतं. 

"बॉयलर चढवताना पडला तर?" त्यांनी हळू विचारलं.

"माज्या हातनं अजून काय पडलं न्हाई."

"लग्नाशिवाय," आत्याबाई म्हणाल्या. आणि रविवार ठरला.

मार्गशीर्ष होता. गवत पिवळं पडलेलं, हवा कोरडी. देहूरोड स्टेशनावर मी भाड्याची बैलगाडी उभी केली होती. देहूरोडच्या पुढं, मुंबईच्या रस्त्याला लागून लेण्यांचा डोंगर आहे, वर महादेव. आमची अख्खी टोळी सुट्टी असून आली होती, न बोलावता. कारखान्यातली हाताची खुर्ची घेतली, दोन्ही अंगांनी बांबू बांधले, आत्याबाईंना बसवलं आणि खांद्यावर घेतलं. वडील छत्री घेऊन मागं. मुलगी लुगड्याचा ओचा खोचून पुढं निघाली ती पुढंच. तिच्या हातात पोह्यांचा डबा. मुलगी बघायचे पोहे, पण खायचे डोंगरावर! साहेबांनी लांब विजार घातली होती आणि ते तिच्याशी बोलायचं सोडून आमच्या खुर्चीच्या गाठी तपासत चालले होते.

अर्ध्या वाटेत तेव्हा पायऱ्या तुटलेल्या होत्या आणि एक उभा कातळ आडवा यायचा. चालत्या माणसाला बाजूनं अंग चोरून जायची वाट होती. वडील त्या वाटेनं हळूहळू गेले, मुलगी तर केव्हाच गेली. खुर्ची त्या वाटेनं जाणं शक्य नव्हतं. ती सरळ वर ओढायची होती. मी वरच्या मोठ्या धोंड्याला कप्पी बांधली, ओढायचा दोर खाली टोळीच्या हातात दिला. शिवाय जपणुकीचा एक वेगळा दोर, तो साहेबांनी वर बसून स्वतःच्या कमरेभोवतून धरायचा. ओढायचा दोर सुटलाच तर आत्याबाई साहेबांच्या हातावर.

सगळं झालं आणि खुर्चीला दोर बांधायची वेळ आली. साहेबांनी त्यांची गाठ मारायला घेतली. मी म्हटलं, "न्हाई. हितं माजी."

"मुकादम, ही माणसाच्या ओझ्यासाठीच असते."

"आन् माजी काय म्हशीसाठी असती?"

"तसं नाही, पण—"

"बॉयलर कोन्त्या गाठीवर चढला?"

टोळीनं बांबूंना धरून खुर्ची जमिनीपासून वीतभर उचलून धरली होती. आत्याबाई मधे, एकदा याच्याकडं एकदा त्याच्याकडं बघतायत. शेवटी त्या कडाडल्या, "अरे, मी लोंबकळते आहे आणि भांडता काय! दोन्ही मारा. एकावर एक!"

तसं केलं. आधी माझी, वर साहेबांची. नाही, आधी कोणाची हा वाद अजून आहे, तो राहू द्या.

साहेब वर गेले, धोंड्याला पाय टेकून बसले, दोर कमरेभोवती घेतला. मी आवाज दिला. आता खलाशांची हाळी म्हणजे काही भजन नव्हे. त्यातले शब्द सभ्य बायकांपुढं उच्चारायचे नसतात. टोळीला दम दिला होता, आज मी म्हणेन तेच. म्हणून जागच्या जागी जुळवत होतो.

"आत्याबाई!"

"हय्या!"

"पुण्याच्या हो!"

"हय्या!"

"जोर लावा!"

"हय्या!"

"चालल्या बघा!"

"हय्या!"

"देवाघरी!"

टोळीचा आवाज घशातच राहिला. माझाही. खुर्ची हवेत तशीच, आणि वरून आत्याबाईंचा खणखणीत आवाज आला, "अरे मेल्यांनो! देवाच्या दारी म्हणा, दारी! घरी जायला मला अजून अवकाश आहे!"

टोळी अशी हसायला लागली की दोर हातातून सुटेल याची मला धास्ती पडली. ओरडून सगळ्यांना ताळ्यावर आणलं आणि ओढणं चालू केलं. खुर्ची कातळाच्या माथ्याजवळ आली तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "थांबा."

आम्ही थांबलो. मला वाटलं, चक्कर आली.

"बाईसाहेब, खाली घेऊ का?"

"थांबा म्हटलं ना. बघू दे."

मी खाली होतो, मला त्यांच्या पायातल्या वहाणा तेवढ्या दिसत होत्या. पण नंतर त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मी स्वतः खुर्चीत बसलो होतो असं मला वाटतं. आधी त्यांनी पाठीमागं मान वळवून बघितलं. रेल्वेची रेघ, तिच्यावर बोटाएवढी गाडी, रस्ता, आणि लांब आमच्या कारखान्याची टाकी उन्हात चमकणारी. आयुष्य पुण्याच्या चार गल्ल्यांत गेलेलं, त्यांनी कधी आगगाडी वरून बघितली नव्हती. मग मान पुढं केली, तर समोर साहेब. कपाळावरून घाम डोळ्यात उतरतोय, पण पुसायला हात मोकळा नाही. दोराचा एक ढिला वळसासुद्धा ते राहू देत नव्हते. खुर्ची बोटभर वर आली की दोर बोटभर आत. एवढ्या पोहे-पाहुणचाराच्या कार्यक्रमात मुलीकडं एकदाही न बघणारा नवरामुलगा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असेल.

मुलगी बाजूला उभी होती. तिनं पोह्यांचा डबा खाली ठेवला, साहेबांच्या मागं जाऊन बसली आणि दोराचं शेपूट दोन्ही हातांनी धरलं.

"हाताला काचेल," साहेब म्हणाले. त्यांचं तिच्याशी त्या दिवसाचं पहिलं बोलणं हे.

"आत्याचं ओझं आहे, मला सवय आहे," ती म्हणाली.

"ऐकू येतं मला!" आत्याबाई म्हणाल्या. "ओढा आता."

वर लेण्याच्या सावलीत सगळे टेकले. टोळी जरा लांब बसली. पोहे पानावर घातले, थंडगार झालेले, पण संपले. आत्याबाईंनी रिकामं पान बाजूला ठेवलं. मी फेट्याला हात लावून उभा होतो. बोललो होतो तसा काढायचा की ठेवायचा, ते त्या सांगणार होत्या. साहेब हाताच्या तळव्याकडं बघत बसले होते, जसं काही तिथंच निकाल लिहिलाय.

"मुकादम," आत्याबाई म्हणाल्या, "फाटकाशी तुम्ही काय म्हणाला होतात? बायको आली तरी दोर सोडणार नाही?"

"व्हय. म्हनालो. आन् अजून म्हनतो."

"त्या दिवशी मला त्याची भीती वाटली होती. मघाशी तिथं लटकले होते ना, तेव्हा मनात एकच होतं, की हा मेला सोडणारा नसेल तर बरं." त्या साहेबांकडं वळल्या. "डोंगर सोडू नका. दिवेलागणीच्या आत घरी यायचं, आणि हिला न्यायचं. हिला घरी ठेवून गेलात तर मी मुकादमांना बोलावून बॉयलर तुमच्या अंगावर उतरवीन."

साहेब उठून वाकले. उभं राहिल्यावर काय करावं ते त्यांना सुचेना, म्हणून माझ्या पाया पडले. मी मागं सरकलो, लेण्याच्या भिंतीवर डोकं आपटलं. मुलगी हसली, या वेळी दाराआडून नव्हे.

वडील खोकले. मग, आम्ही ऐकलेलं त्यांचं पहिलं आणि त्या दिवसातलं शेवटचं वाक्य बोलले, "तोंड गोड करायला साखर नाही आणली कोणी."

साखर कोण आणणार? आमच्यातल्या एकानं कनवटीला गुळाचा खडा ठेवलेला असायचा, उन्हात पाणी प्यायच्या आधी खायला. तो खडा त्यानं काढला. त्याला धोतराचे धागे चिकटलेले आणि तंबाखूचा वास. आत्याबाईंनी तो घेतला, फुंकला, दगडावर फोडला, महादेवापुढं ठेवला आणि मग सगळ्यांना वाटला. पहिला मुलीला, दुसरा साहेबांना, तिसरा मला. त्यांचं ठरलं ते त्या गुळावर. मोठा समारंभ पुढं पुण्यात झाला म्हणा, पेढे होते, सनई होती. पण ती चव नव्हती.

टोळी आजही म्हणते, जे उरलेत ते, की मुकादमानं बिघडवलं होतं आणि नशिबानं सुधारलं. मी म्हणतो, फाटकाशी मी गोडगोड बोललो असतो तर आत्याबाई कशाला आल्या असत्या डोंगरावर?

ऊन कलायला लागलं तशी उतरायची तयारी केली. खुर्ची कातळाच्या कडेला आणली. दोन्ही गाठी तपासल्या. माझी मी, त्यांची त्यांनी. साहेब पुन्हा धोंड्याला पाय टेकून बसले आणि मुलगी न सांगता त्यांच्या मागं. आम्ही खाली जाऊन दोर धरला आणि हळूहळू सोडायला लागलो, गपगुमान. मघाच्या चुकीनंतर हाळी द्यायची माझी छाती होत नव्हती.

खुर्ची निम्म्यात आली आणि वरून आवाज आला.

"गप्प का रे सगळे? म्हणा की!"

कोणी तोंड उघडेना. तेव्हा आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर घट्ट केला, खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि स्वतःच हाळी दिली.

"आत्याबाई!"

"हय्या!" टोळी ओरडली.

"चालल्या घरी!"

"हय्या!"

"पुण्याच्या घरी रे, पुण्याच्या!" त्या वरून म्हणाल्या, आणि आम्ही दोर सोडत गेलो.